घरच्या सर्व्हरला सोपं साधन घ्या, पण त्याची फाईल काढून ठेवा

नवख्या माणसाने घरी सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून घरच्यांना फाईली पुरवणारं मशीन, लावताना कासाओएस, अम्ब्रेल, युनोहोस्ट अशी बटण दाबून चालणारी साधनं घ्यावीत का? माझ्या मते घ्यावीत. आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याच्या, म्हणजे टर्मिनलच्या धास्तीने जे कधी सुरूच होत नाही, त्यापेक्षा बटणाने सुरू झालेलं बरं. अट एकच: उद्या ते साधन बंद पडलं तर आपली कागदपत्रं डिस्कवर कुठं आहेत आणि त्याच्याशिवाय कशी उघडायची, हे पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे. हे जिथं कळत नाही ते साधन कितीही देखणं असलं तरी माझ्या घरात नको.

मी बेळगावात वडगावला राहते, दिवसा एका सोसायटीत हिशेब बघते. माझ्यासमोर आली ती मामंजींची ट्रंक: खानापूर तालुक्यातल्या जमिनीचे कन्नड उतारे, १९५६ च्या आधीचे म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे मराठी दस्त, मुलांचे शाळेचे दाखले, इंग्रजीतल्या विमा पॉलिसी आणि तळाशी थोडं मोडी. हे सगळं शोधता यावं म्हणून पेपरलेस-एनजीएक्स लावलं; स्कॅन केलेल्या कागदांतला मजकूर ओळखून ते शोधता येतील असे ठेवणारं हे साधन. तेच उदाहरण धरून सांगते.

मशीन म्हणून जुना लॅपटॉप घ्या. आमच्या गल्लीत माग आहेत, व्होल्टेजचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, लॅपटॉपची बॅटरी आतच असते. ती फुगलेली असेल तर मात्र आधी बदला. आठ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं या कामाला पुरतं. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, झाकण मिटलं तरी मशीन झोपणार नाही अशी सेटिंग करा, राउटरमध्ये त्याला कायमचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कातला पत्ता, नेमून द्या आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

मग कासाओएस. त्यांच्या साइटवरची एक ओळ टर्मिनलमध्ये टाकली की डॉकरसकट सगळं बसतं. डॉकर प्रत्येक साधन आपापल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतं. ती ओळ नेटवरून स्क्रिप्ट आणून थेट रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या खात्याच्या अधिकाराने चालवते, हे मात्र माहीत असू द्या. ओळख नसलेल्या साइटवरची अशी ओळ कधी चालवू नये. नंतर ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाकला की अ‍ॅप स्टोअर दिसतं. पेपरलेस शोधा, बसवा. इथपर्यंत आमच्या भावजींचं म्हणणं खरंच, "वैनी, सगळं एका बटणात होतंय की!"

कन्नड उतारा स्कॅन करून आत टाकला की बटणाची हद्द संपते. मजकूर ओळखताना पेपरलेस मुळात इंग्रजी धरून चालतं. सोबत जर्मन, इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच येतात. मराठी-कन्नड आपण मागायची. त्यामुळे उताऱ्याच्या जागी अक्षरांचा नुसता कचरा निघतो. नवख्याने इथं साधन टाकून पळू नये, इथंच शिकायला मिळतं.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा. तिथं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाची यादी दिसेल: डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. पेपरलेसच्या अधिकृत माहितीत भाषांची दोन नावं सापडतील, शेवटच्या एका अक्षराचाच फरक आहे, म्हणून नीट बघा. अनेकवचनी नाव जास्तीच्या भाषा उतरवून घेतं. तिथं मराठी आणि कन्नडचे तीन-तीन अक्षरी कोड मध्ये जागा सोडून लिहायचे. एकवचनी नाव कुठल्या भाषा वापरायच्या ते ठरवतं. तिथं मराठी, कन्नड, इंग्रजी अधिकच्या चिन्हाने जोडायच्या. अ‍ॅप पुन्हा सुरू करा आणि आधी टाकलेल्या कागदांवर पुनर्प्रक्रिया करायला सांगा. मजकूर ओळखणारं मागचं टेसरॅक्ट इंजिन छापील देवनागरी बरी वाचतं. हाताने लिहिलेल्या दस्ताकडून फार आशा ठेवू नका, आणि मोडीचं मॉडेल त्यात नाही. त्या कागदांना शीर्षक आणि टॅग आपणच द्यायचे.

त्याच पानावर खाली व्हॉल्यूम, म्हणजे फोल्डरांच्या जोडण्या आहेत. होस्टच्या रकान्यातला रस्ता आपल्या डिस्कवरचा, कंटेनरच्या रकान्यातला अ‍ॅपच्या आतला. होस्टचे सगळे रस्ते वहीत उतरवून घ्या. कासाओएसमध्ये ते बहुधा डेटा फोल्डरातल्या अ‍ॅपडेटाखाली असतात. तिथं जाऊन मूळ पीडीएफ प्रत्यक्ष बघा. त्यांची नावं मुळात नुसते आकडे असतात. फाईलनावाचा साचा बदलून वर्ष आणि शीर्षक येईल असं करा, म्हणजे पेपरलेस नसलं तरी फोल्डर वाचता येईल.

आता कंपोज फाईल. बटण दाबल्यावर मागं जे चालतं ते या एका मजकुरात असतं: कुठलं अ‍ॅप, कुठली आवृत्ती, कुठले फोल्डर, कुठले पोर्ट. कासाओएस ती बाहेर काढून देतं, म्हणूनच मी नवख्याला हेच सुचवते. कासाओएस बनवणाऱ्या आइसव्हेल कंपनीने नंतर झिमाओएस हे वेगळं काढलं. उद्या आणखी काही येईल; कंपोज फाईल साध्या डॉकरवरही चालते.

हे मानू नका, करून बघा. पेपरलेसची निर्यातीची आज्ञा चालवा; कागद आणि त्यांची नोंद एका फोल्डरात येते. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, अर्धवट प्रत मिळू शकते. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर साधा डॉकर टाका, तीच कंपोज फाईल रस्ते बदलून चालवा, आवृत्ती तीच ठेवा आणि निर्यात आत घ्या. तिकडे उतारा शोधून सापडला तर जमलं.

युनोहोस्टची तऱ्हा वेगळी. ते डेबियनवर डॉकरशिवाय अ‍ॅप बसवतं, घरातल्या सगळ्यांना एकच लॉगिन देतं, बॅकअपही त्यातच आहे. मोठ्या कुटुंबाला चांगलं, पण मशीन पूर्ण त्याच्याच हवाली करावं लागतं. अम्ब्रेल दिसायला सगळ्यांत छान. मी घेतलं नाही, एवढंच.

बाहेरून बघायचं असेल तर आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून आत वाट देण्याचा उपयोग नाही. माझ्या मते ते बरंच आहे. सोपी साधनं सुरक्षेची बाजू सगळ्यांत जास्त झाकतात: डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो, म्हणजे फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका. जमिनीचे कागद असलेलं मशीन उघड्यावर ठेवायचं नाही. टेलस्केल मशीनवर आणि फोनवर टाका; ते फक्त आपल्या उपकरणांना एकमेकांशी खाजगी वाटेने जोडतं. पुण्यातले भावजी तसंच बघतात.

निर्यातीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी. माझी नणंदेकडे निपाणीला असते, सणाला जाताना डिस्क बदलते. अपडेटचं बटण दिसलं की आधी निर्यात, मग बदलांची टीप वाचून अपडेट. फोटो घरच्या मशीनवर ठेवणारं इमिच लावायचा मोह होईल; ही निर्यात आणि परत भरणं अंगवळणी पडल्यावरच लावा, कारण फोटोंचा आकार मोठा आणि घरच्यांची बोलणी त्याहून मोठी.