शिवकाळावर शोधनिबंध लिहिताय? साधनं निवडताना या चुका टाळा

बखर जुनी, म्हणजे ती प्राथमिक साधन (ज्या काळाचा अभ्यास, त्याच काळातला पुरावा), असं धरून चालणं ही सर्वांत घातक चूक. सभासद बखर १६९७ ची. महाराजांच्या निधनानंतर १७ वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर मात्र थेट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. अफझलखान प्रसंगासाठी दोन्हींना सारखं वजन देता येत नाही. पण तुमचा विषय ‘पेशवाईच्या अखेरीस शिवचरित्र कसं सांगितलं जाई’ असा असेल, तर तीच चिटणीस बखर प्राथमिक ठरते! म्हणून आधी आपला प्रश्न वहीत लिहा, मग ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ असे रकाने पाडा.

याच्या उलट चूकही होते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी जुनी पत्रं जमवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड १८९८ पासून छापायला घेतले. छपाईचं साल पाहून त्यांतली पत्रं ‘दुय्यम’ रकान्यात टाकू नका. पत्र ज्या काळात लिहिलं गेलं, त्या काळाचं. त्याच खंडाची प्रस्तावना मात्र राजवाड्यांचं स्वतःचं विवेचन आहे, ती दुय्यमच. एका पुस्तकाच्या दोन नोंदी कराव्या लागल्या तर खुशाल करा.

तारखा जुळत नाहीत? साधन खोटं ठरवण्याआधी कालगणना तपासा. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींत) महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. इसवी सनासाठी शकात सरसकट ७८ मिळवले की १६२९ येतं. फाल्गुन इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे: १६३०. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या लुटीबद्दलच्या त्यांच्या पत्रावर १६६३ दिसलं तर दचकू नका.

पाच संकेतस्थळांवर एकच परिच्छेद सापडला, तर तो एकच पुरावा. विकिपीडियावरून तळटीपा घ्या आणि मूळ ग्रंथ गाठा.

समकालीन कागदही डोळे मिटून स्वीकारू नये. इंग्रज वखारवाले व्यापाराच्या चिंतेतून लिहीत, सभासद बखरीचा लेखक धन्याच्या मुलासाठी लिहीत होता. कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिलं, हे प्रत्येक नोंदीपुढे टिपून ठेवा.

आणि मूळ पत्र न वाचता त्याचा हवाला देणं थांबवा. ते दुसऱ्याच्या ग्रंथात वाचलं असेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असं स्पष्ट लिहा. मार्गदर्शकांना ते चालतं.