परगावच्या फुलवाल्याकडून पुष्पगुच्छ पाठवताना

परगावी राहणाऱ्या नातेवाइकाच्या वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाला किंवा सेवानिवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ पाठवायचा असला, की बहुतेक जण मोबाइलवर शोध घेतात, समोर येणाऱ्या पहिल्या संकेतस्थळावरचे एक देखणे छायाचित्र निवडतात आणि पैसे भरून मोकळे होतात. त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे अधिक खर्चून त्याच गावातल्या फुलवाल्याशी थेट बोलावे, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवानंतर झालेले मत आहे. पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातून सातारा, सांगली, सोलापूर, लातूर अशा ठिकाणी फुले पाठवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती लिहिली आहे.

आपण ‘फुले पाठवली’ असे म्हणत असलो, तरी आपल्या गावाहून निघतो तो फक्त निरोप. फुले तिथलीच असतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत १९०८ मध्ये आणि अमेरिकेत १९१० मध्ये फुलविक्रेत्यांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या, एका शहरात नोंदवलेली मागणी तारेने दुसऱ्या शहरातल्या दुकानदाराला कळवायला सुरुवात केली आणि गुच्छ तिथेच बांधून पोहोचवला जाऊ लागला. आजची बरीचशी संकेतस्थळे हेच काम करतात. फरक इतकाच, की आपण भरलेल्या रकमेतून मधल्या कंपनीचा वाटा वजा होतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढा गुच्छ गावातला दुकानदार बांधतो. चित्रातला गुच्छ भरगच्च आणि हाती आलेला विरळ, असे होते ते बहुधा यामुळेच. त्यात त्या दुकानदाराचा दोष असतोच असे नाही.

दुकान शोधणे

देवळासमोर हार, वेण्या आणि सुटी फुले विकणारा प्रत्येक फुलवाला पुष्पगुच्छ बांधतोच असे नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बुके करणारी दुकाने सहसा बसस्थानक, महाविद्यालय, नाट्यगृह किंवा मोठी मंगल कार्यालये यांच्या आसपास असतात, आणि त्यांपैकी बरीचशी लग्नाच्या स्टेजची सजावटही करतात. त्या गावात ओळखीचे कोणी असल्यास सत्काराचे बुके कोठून आणतात एवढेच विचारावे; शाळा, बँका, पतसंस्था आणि कार्यालयांचे व्यवस्थापक यांना हे नेमके ठाऊक असते. कोणीच ओळखीचे नसेल, तर नकाशावर दुकान शोधून ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत, कारण दुकानदाराने टाकलेली चित्रे पुष्कळदा इंटरनेटवरून उचललेली असतात. पाटी आणि आतली फुलांची बादली असे दोन्ही दिसणारे एक छायाचित्र मिळाले, तरी दुकान खरे आहे याची बरीचशी खात्री पटते.

फोन सकाळी दहा-अकराच्या सुमारास करावा. त्याआधी दुकानदार बाजारातून आलेला माल सोडवण्यात आणि पूजेच्या हारांत गुंतलेला असतो, तर संध्याकाळी दुकानात गर्दी असते. बोलण्याची सुरुवात किमतीपासून न करता ‘तुमच्याकडे बाहेरचा माल कोणत्या वाराला येतो?’ या प्रश्नाने केली, तर पुढचे सगळे सोपे जाते.

फुले कोणती सांगावीत

माल कोणत्या वाराला येतो हे विचारण्याचे कारण असे, की गुच्छात लागणारी बरीचशी फुले त्या गावात पिकत नाहीत. आपण ज्याला डच गुलाब म्हणतो, तो हॉलंडहून येत नाही. मावळात तळेगावच्या परिसरात आणि इतरत्र हरितगृहांत टॉप सीक्रेट, ताजमहाल अशा जातींची लागवड होते आणि तिथून वीस-वीस काड्यांचे बंच पुण्याच्या गुलटेकडी बाजारात, दादरच्या फूलबाजारात आणि पुढे रात्रीच्या गाड्यांनी लहान गावांत जातात. ऑर्किड तर अनेकदा थायलंडहून आलेले असते. म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी माल उतरणाऱ्या गावात गुरुवारचा गुलाब हा दोन दिवसांचा शिळा गुलाब असतो. दिवस आपल्या हातात नसेल, तर फूल बदलावे. कार्नेशन आणि ऑर्किड नीट राखले तर आठवडाभरही टिकतात. जरबेरा बारमाही मिळतो आणि स्वस्त पडतो. थंडीत शेवंती व ग्लॅडिओलस जवळपासच्या शेतांतून ताजे येतात आणि अशा वेळी डच गुलाबाचा हट्ट धरण्यात काही अर्थ नसतो. निशिगंधाच्या काड्या मागवायच्या असल्यास खालच्या दोन-तीन कळ्याच उमललेल्या असाव्यात असे सांगावे, कारण हे फूल खालून वर उमलत जाते आणि पूर्ण फुललेली काडी दुसऱ्याच दिवशी मान टाकते.

म्हणून फुलांची नावे ठरवून देण्यापेक्षा रक्कम, रंग आणि प्रसंग या तीन गोष्टी सांगाव्यात आणि निवड दुकानदारावर सोपवावी. ‘पंच्याहत्तरी आहे, रंग पिवळा-केशरी असावा, घरपोच खर्च धरून आठशे रुपयांत जे सर्वांत ताजे असेल ते द्या,’ या एका वाक्याने जे साधते, ते चित्र पाठवून ‘अगदी असाच हवा’ म्हटल्याने साधत नाही. नको असलेल्या गोष्टी मात्र स्पष्टपणे सांगाव्यात. फुलांवर चमकी टाकू नये, रंगात बुडवलेली फुले घालू नयेत आणि पाने व जिप्सोफिला (भरावासाठी वापरतात ती बारीक पांढरी फुले) यांनीच जागा भरू नये, ही माझी नेहमीची तीन कलमे आहेत. चमकीचा मोह आपल्याकडच्या फुलवाल्यांना एवढा का आहे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

गुच्छाचा आकारही ठरवून घ्यावा. हातात देण्याचा बुके सत्काराला शोभतो, पण घरी पोहोचल्यावर तो ठेवण्यासाठी फुलदाणी लागते आणि ती प्रत्येक घरात असतेच असे नाही; अशा वेळी तांब्यात बसेल एवढा लहान बुके किंवा टोपली मागवणे सोयीचे. टोपलीत फुले हिरव्या फोममध्ये खोवलेली असतात. तो फोम पाण्यावर नुसता ठेवून आपसूक बुडू दिला, तरच आतपर्यंत भिजतो. घाईत दाबून बुडवल्यास मधे हवा अडकते आणि फुले संध्याकाळपर्यंत सुकतात. फोम आधी नीट भिजवून घ्या, असे सांगितल्याने जाणत्या दुकानदाराला राग येत नाही; उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्याला कळते.

लग्नसराईच्या दाट तिथी, १४ फेब्रुवारीचा आठवडा, गणेशोत्सव आणि दसरा-दिवाळी या काळात भाव चढतात आणि सजावटीच्या मोठ्या कामांपुढे एका बुकेकडे कोणाचे लक्ष राहत नाही. शक्य असल्यास चार दिवस आधी सांगावे, आदल्या दिवशी आठवण करावी आणि तरीही थोडे इकडेतिकडे होईल हे धरून चालावे.

प्रसंग आणि रिवाज

आधी निमंत्रणपत्रिका वाचावी. ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत’ असे छापलेले असेल, तर ते शिष्टाचारापुरते लिहिले आहे असे समजू नये. रुग्णालयात पाठवण्यापूर्वी तिथल्या स्वागतकक्षात फोन करावा. अतिदक्षता विभागात फुले जवळपास कोठेच नेऊ देत नाहीत आणि अनेक रुग्णालयांत साध्या खोलीतही चालत नाहीत. रुग्ण घरी आल्यावर पाठवलेली फुले त्याला अधिक सुखावतात. मात्र निशिगंध किंवा उग्र वासाची लिली त्यांत नसावी. ज्या घरी मांजर आहे, तिथे तर लिली मुळीच पाठवू नये, कारण तिचे परागकणसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकतात.

दुःखाच्या घरी आपल्याकडे गुच्छ पाठवत नाहीत. तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला फोटोसाठी हार पाठवता येतो, परंतु तोही घरातल्या कोणाला तरी विचारूनच. डोहाळजेवणाला गुच्छापेक्षा फुलांची वाडी अधिक उचित असते आणि ती करणारा फुलवाला वेगळा असू शकतो. आणि आजीचा वाढदिवस उन्हाळ्यात असेल, तर सातशे रुपयांच्या गुलाबांपेक्षा मोगऱ्याचे चार गजरे तिला जास्त आवडण्याची शक्यता आहे.

चिठ्ठी, पत्ता आणि वेळ

फुलांसोबतची चिठ्ठी ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत नाजूक बाब आहे. माझ्या मावशीच्या पंच्याहत्तरीला मी फोनवरच नाव सांगितले होते. फुले उत्तम आली, पण चिठ्ठीवर दुकानातल्या मुलाने सवयीने नावामागे ‘सौ.’ लिहिले. काका जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मावशी काही बोलली नाही. ती चिठ्ठी मात्र फुलदाणीजवळ कोणाला दिसली नाही. चूक त्या मुलाची जेवढी, तेवढीच माझीही होती. तेव्हापासून मी संपूर्ण मजकूर, नावामागच्या ‘श्रीमती’, ‘चि.’ अशा उपाधींसह, देवनागरीत टंकलिखित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र मागवतो. रोमन लिपीतून मजकूर पाठवल्यास आडनावांची दैना ठरलेली. मजकूर दोन ओळींत संपवावा आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. नुसते ‘राजू’ लिहिले, तर भाच्यांपैकी कोणता, हे शोधण्यात घरच्यांची दुपार जाते.

पत्त्यात घर क्रमांकाबरोबर जवळची ठळक खूण द्यावी, कारण लहान गावात पोहोचवणारा मुलगा पत्ता वाचत नाही, खूण विचारतो. ज्यांना फुले जायची त्यांचा आणि शेजाऱ्यांचा असे दोन मोबाइल क्रमांक द्यावेत. आश्चर्याचा धक्का देण्याची हौस असली, तरी घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावे. एकटे राहणारे वृद्ध अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत आणि ते योग्यच आहे. दुपारी एक ते चार ही वेळ टाळावी. ‘बरोबर बारा वाजता’ असा आग्रह न धरता दोन तासांची मुभा दिल्यास काम हमखास होते, कारण मोटारसायकलवरून जाणारा तो एकच मुलगा चार ठिकाणी बुके देत फिरत असतो. उंच किंवा रुंद गुच्छ मोटारसायकलवर मोडतो, म्हणून मोठी टोपली असल्यास रिक्षाने पाठवायला सांगून भाडे वेगळे द्यावे.

पैसे आणि पावती

ओळख नसलेल्या दुकानाला अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली तयार गुच्छाचे छायाचित्र आल्यावर द्यावी. बहुतेक दुकानदार याला तयार असतात. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव दुकानाच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळते का, ते पाहावे. ‘जादा आलेले पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा’ असे कोणी म्हटले, तर तिथेच फोन ठेवावा; पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. परदेशातल्या मंडळींनी इथल्या भावाबहिणीमार्फत पैसे द्यावेत आणि बोलणे मात्र स्वतः करावे, म्हणजे मधल्या माणसामुळे मजकूर बदलत नाही.

गुच्छ निघण्यापूर्वीच्या छायाचित्रात गुलाबाच्या बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा कडेने करपलेल्या दिसल्या, तर घाबरू नये. कळीचे रक्षण करणाऱ्या त्या पाकळ्या असतात आणि त्या जागेवर असणे हे बहुधा फूल फारसे हाताळले न गेल्याचे लक्षण असते. उलट सगळ्या कळ्या सोलून गुळगुळीत केलेल्या दिसल्या, तर माल कधीचा आहे, ते विचारायला हरकत नाही.

फुले पोहोचल्यावर घरच्यांना एवढेच कळवावे: वेष्टन सोडून दांड्यांची टोके तिरकी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, पाणी रोज बदलावे आणि गुच्छ पंख्याखाली किंवा पिकत घातलेल्या आंब्या-केळ्यांजवळ ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुले लवकर माना टाकतात. जरबेरा असल्यास पाणी चार बोटेच ठेवावे. जास्त पाण्यात त्याचा मऊ दांडा सडतो. टोपलीच्या फोमवर रोज वाटीभर पाणी घालावे.

एखाद्या वेळी फुले खरोखरच खराब निघाली, तर तासाभरात छायाचित्र काढून दुकानदाराला पाठवावे आणि पैसे परत मागण्याऐवजी पुढचा माल उतरेल त्या दिवशी दुसरा गुच्छ द्यायला सांगावे. आजवर मला तीनदा असे सांगावे लागले. दोघांनी मुकाट्याने दिला, तिसऱ्याने वाद घालून का होईना, पण दिला, आणि त्याच्याकडचा तो दुसरा गुच्छ पहिल्यापेक्षा मोठा होता.