एकांकिका चोरली? आधी फेसबुक बंद करा

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात दुसऱ्याच्या एकांकिकेत आपलेच संवाद कानावर पडले की डोकं फिरतं. तरी त्या रात्री फेसबुकवर ‘चोर’ लिहू नका. नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको. फिर्यादी व्हायला निघालेले आणि आरोपी होऊन बसलेले लेखक कोर्ट नाक्यावरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. ‘पण मॅडम, खरंच चोरलंय!’ असेल हो. ते सिद्ध तुम्हीच करायचं, आणि फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी बोललेलं असावं लागतं.

त्यापेक्षा त्या रात्री तक्ता करायला बसा. डावीकडे तुमचं वाक्य, पान क्रमांकासह. उजवीकडे त्यांचं, रेकॉर्डिंगमधल्या वेळेसह. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे सांगितलं, आणि तिथे नाटककार हरले. ओसाड वाडा, शेवटी म्हातारा मेलेलाच निघतो, हे कुणाच्या बापाचं नाही. शोधा ते सारख्या चुका. तुमच्या संहितेत दुसऱ्या प्रवेशात काकूची मावशी झाली असेल आणि त्यांच्याकडेही तिथेच झाली असेल, तर ती ओळ दहा संवादांना भारी आहे.

मग तारीख. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण आधी कोणी लिहिलं हे दिसायला हवं. दिग्दर्शकाला पाठवलेला मूळ ईमेल, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्ही जपा. जुना फोन विकू नका.

नोटीस स्पीड पोस्टाने, फक्त लेखकाला आणि संस्थेला. ‘चोरी’ऐवजी ‘साम्य’ लिहा. पोकळ धमकी दिलीत तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली तेच तुमच्यावर दावा लावतील. स्पर्धेच्या आयोजकांना कळवायचं तर तक्ता पाठवा, विशेषणं नकोत.

प्रयोग पुण्यात झाला तरी ठाण्यात राहणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम 62 मुळे ठाणे जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मुदत तीन वर्षं.

बहुतेकांना पैसे नको असतात, नाव हवं असतं. तो हक्क कलम 57 देतं, अगदी संहितेचे हक्क विकलेले असले तरी. मात्र नाव जाहिरातीत, अनाउन्समेंटमध्ये ‘लेखक’ म्हणूनच यावं, असं नोटिशीत स्पष्ट लिहा. ‘योग्य ते श्रेय द्यावे’ एवढंच लिहिलंत, तर ‘विशेष आभार’मध्ये, नेपथ्यासाठी सोफा देणाऱ्याच्या खाली, तुमचं नाव टाकून मोकळे होतात.