अभिनय आणि मॉडेलिंगची सुरुवात करताना या चुका टाळा

ठाण्यात राहून कास्टिंगचे, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडण्याचे, काम करणाऱ्या माणसाला लग्नकार्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "आमच्या मुलीला मालिकेत काम करायचे आहे, तर पोर्टफोलिओ कुठे काढून घ्यावा?" मी साहाय्यक म्हणून ऑडिशन घेतो, म्हणजे कॅमेरा लावतो, समोरच्या पात्राचे संवाद वाचतो आणि आलेल्या शेकडो व्हिडिओंतून दहा-बारा निवडून पुढे पाठवतो. त्या खुर्चीवरून पाहिले, तर हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो. घरातला पहिला खर्च पोर्टफोलिओच्या छायाचित्रांवर होतो, दुसरा कुठल्याशा नोंदणीवर, तिसरा जिमवर. आणि ज्याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ लागतो, ते कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटे सहज बोलणे मात्र शेवटपर्यंत राहून जाते.

पैसे भरून मिळणारे काम

मी स्वतः या क्षेत्रात शिरलो तो फसवला जाऊनच. नवी मुंबईतल्या एका रेल्वे स्थानकाजवळ दुसऱ्या मजल्यावर एक कार्यालय होते, भिंतीवर नामवंत नटांचे फोटो होते आणि बाहेरच्या बाकावर माझ्यासारखी सात-आठ मुले फॉर्म भरत बसली होती. आत एका गृहस्थांनी माझी मिनिटभराची 'स्क्रीन टेस्ट' घेतली, दहाच मिनिटांत निवड झाल्याचे सांगितले आणि आता केवळ 'आर्टिस्ट कार्ड' काढायचे बाकी आहे म्हणून साडेबारा हजार रुपये मागितले. मी ते बहिणीकडून उसने आणून भरले. पुढे कार्यशाळेचे आणि कपड्यांच्या अनामत रकमेचे पैसे मागितले गेले तेव्हा थांबलो, आणि तीन महिन्यांनी तिथे गेलो तर दारावर सहली नेणाऱ्या कंपनीची पाटी होती. त्या टेस्टच्या वेळी कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंगचा तांबडा ठिपका लागलाच नव्हता, हे मला दोन वर्षांनी स्वतः कॅमेरा लावू लागल्यावर उमगले.

व्यवहार खरा कसा चालतो, हे माहीत असले की अशी जागा ओळखता येते. कास्टिंग करणाऱ्याचे पैसे निर्मिती संस्था किंवा जाहिरातीचा निर्माता देतो, कलाकार देत नाही. कलाकाराला काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर किंवा एजन्सी त्याच्या मानधनातून कमिशन घेते, पण ते काम झाल्यावर आणि मानधनाच्या टक्केवारीत. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'सिंटा', ही १९५८ साली स्थापन झालेली कलाकारांची संघटना आहे, तिचे सदस्यत्व तिच्याकडेच अर्ज करून घ्यायचे असते आणि पहिल्या ऑडिशनसाठी ते लागत नाही. म्हणून 'कार्ड', 'रजिस्ट्रेशन', 'लुक टेस्टचा (भूमिकेच्या वेशातल्या चाचणीचा) खर्च' किंवा 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ' यांपैकी कोणताही शब्द पैशांसह पुढे आला, तर उठून यावे. नामवंत कास्टिंग दिग्दर्शकाचे नाव आणि फोटो लावलेल्या क्रमांकावरून संदेश आला, तर त्याच्या अधिकृत खात्यावर खातरजमा केल्याशिवाय उत्तर देऊ नये. पैसे ऑनलाइन गेलेच असतील, तर लाजेखातर दोन दिवस घालवण्याऐवजी त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता असते.

याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. भेट दिवसा, कार्यालयात आणि घरी पत्ता कळवूनच व्हावी; रात्री हॉटेलात किंवा कुणाच्या फ्लॅटवर बोलावणे आले, किंवा 'कॉम्प्रोमाइज करणार का' असा प्रश्न आला, तर त्यावर विचार करण्यासारखे काहीच नसते. असे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत, तक्रारीच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

फोटोंची हौस

पोर्टफोलिओ नकोच असे नाही, पण तो पहिल्याच महिन्यात लागत नाही. पहिल्या फेरीत आम्हाला साधे फोटो हवे असतात: चेहऱ्याचा जवळून, कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा आणि दोन्ही बाजूंचे, एकरंगी कपड्यांत, जवळपास मेकअपशिवाय. मॉडेलिंगमध्ये यांना पोलरॉइड किंवा डिजिटल म्हणतात, आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर मैत्रिणीने फोनवर काढून दिले तरी ते चालतात. याउलट येतात काय, तर उपवन तलावाच्या कठड्याला टेकून गॉगल लावलेले, किंवा पाम बीच रोडवर मोटारीच्या बॉनेटवर बसलेले फोटो, आणि त्यांतही त्वचा इतकी घासून गुळगुळीत केलेली असते की प्रत्यक्ष माणूस दारात आला तरी ओळख पटत नाही. चेहऱ्यावरचा तीळ आम्हाला अडचणीचा वाटत नाही, फोटोत तो नसणे अडचणीचे वाटते.

उंचीचेही तसेच आहे. आमच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने फूट आणि इंचांच्या खुणा केलेल्या आहेत, आणि पाच फूट सहा इंच लिहून आलेली मुलगी त्या चौकटीतून आत येते तेव्हा तिचे डोके कोणत्या खुणेपाशी येते, ते न विचारता दिसते. रॅम्पवर उंची खरोखरच आडवी येते, पण मालिका आणि बहुतेक जाहिरातींत कमी उंचीची भूमिका सहज असते. खोट्या उंचीच्या माणसाला मात्र पुन्हा बोलावले जात नाही.

घरून पाठवलेले ऑडिशन

२०२० च्या टाळेबंदीनंतर पहिली फेरी बऱ्याचदा घरून चित्रित केलेल्या व्हिडिओवर, म्हणजे सेल्फ टेपवर होते, आणि सर्वाधिक चुका मला इथेच दिसतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे खिडकीकडे पाठ करून उभे राहणे. त्यामुळे मागचे आभाळ स्वच्छ दिसते आणि चेहरा काळवंडतो. उजेड समोरून हवा आणि मागे मोकळी भिंत हवी. आवाज खरखरत असेल तर छताचा पंखा बंद करावा, रस्त्याकडची खिडकी लावावी आणि कुकरच्या शिट्ट्या आटोपल्यावरच चित्रण करावे. हे सांगताना हसू येते, पण गेल्याच महिन्यात एका उत्तम विरहाच्या प्रसंगात तीन शिट्ट्या झाल्या आणि मुलीने संवाद न थांबवता शिट्टीकडे एकदा त्रासून पाहिले. खरे सांगायचे तर त्या संपूर्ण व्हिडिओत तो एकच क्षण खरा होता, आणि तेवढ्यावर आम्ही तिला दुसऱ्यांदा बोलावले.

सूचनेत वेगळे सांगितले नसेल तर फोन आडवा धरावा आणि तो हातात न घेता डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा. नाव, वय, उंची आणि राहण्याचे ठिकाण सांगताना थेट कॅमेऱ्यात पाहावे, नंतर डावी आणि उजवी बाजू दाखवावी. प्रसंग करताना मात्र नजर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीकडे असावी. समोरचे संवाद वाचणारी ही व्यक्ती फोनजवळ असल्याने तिचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येतो, म्हणून तिने हळू आणि सपाट वाचावे. भावाने उत्साहाच्या भरात स्वतःच अभिनय सुरू केला की आमचे लक्ष त्याच्याकडे जाते. पाठ केलेल्या ओळी हातवाऱ्यांसह म्हणून दाखवणे ही शाळेच्या स्नेहसंमेलनातली सवय आहे. समोरचा बोलत असताना तुम्ही काय करता, ऐकता की आपल्या ओळीची वाट पाहता, हे आम्ही आधी पाहतो.

चांगला झालेला व्हिडिओही पाठवण्यात वाया जातो. व्हॉट्सॲपवर तो साध्या पद्धतीने टाकला की आकसून धूसर होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. ड्राइव्हची लिंक दिली तर ती परवानगी न मागता उघडते की नाही, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासावे. रात्री अकरा वाजता परवानगीची विनंती पाठवून कुणी वाट पाहत बसत नाही.

भाषा

ठाणे आणि नवी मुंबईतली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेतून येतात आणि देवनागरी संहिता हातात पडल्यावर ती रोमन अक्षरांत मागतात. रोमन अक्षरांत 'चार' आणि 'चाक' यांतल्या दोन निरनिराळ्या 'च'मधला फरक उरत नाही, 'कळ' आणि 'कल' एकच होतात, आणि मराठी मालिकेच्या ऑडिशनमध्ये हे पहिल्या वाक्याला कळते. उपाय कंटाळवाणा पण बिनखर्चाचा आहे: रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि स्वतः ऐकावे. याच्या उलट चूकही होते. दिवाळे, करावे किंवा घणसोलीच्या गावठाणातून आलेला मुलगा आपली आगरी बोली लपवण्याची खटपट करतो, तेव्हा मला वाईट वाटते; प्रमाण मराठी शिकावी, पण घरची बोली हे त्याच्याजवळचे असे भांडवल आहे, जे अंधेरीतल्या कोणत्याही वर्गात विकत मिळत नाही.

अंधेरीला बिऱ्हाड हलवण्याची घाई

वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची कार्यालये दाटीने आहेत हे खरे, पण तेवढ्यासाठी अनामत रक्कम भरून तिकडे खोली घेणे सुरुवातीला परवडत नाही. ठाण्याहून लोकलने घाटकोपर आणि तिथून २०१४ पासून सुरू असलेल्या मेट्रोने वर्सोवा गाठता येते. शिवाय अनेक मराठी मालिकांचे सेट आपल्याच ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर आहेत आणि अंधेरीचे कलाकार उलट इकडे येताना कोंडीत अडकतात. आरामनगरात जाहिरातींच्या ऑडिशनला दारातच 'नॉट फिट' असे दोन शब्द ऐकू येतात. ते केवळ त्या भूमिकेच्या दिसण्यापुरते असतात, त्यावर वाद घालू नये, शेजारचे दार ठोठवावे.

महिनाभराच्या वर्गाचे प्रमाणपत्र आजवर मला कुणी मागितलेले आठवत नाही. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि मुंबई विद्यापीठाची कालिन्यातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स या प्रवेश परीक्षा घेऊन विद्यार्थी निवडणाऱ्या संस्थांची गोष्ट वेगळी. त्या जमणार नसतील, तर महाविद्यालयाची एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी एखादी संस्था, अगदी पडद्यामागचे काम यांतून जे शिकायला मिळते, ते महागड्या वर्गापेक्षा माझ्या मते अधिक टिकते. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह इथे महिन्यातून एक प्रयोग पाहावा. रंगभूमीवरून आलेल्यांची एक खोड मात्र सुधारावी लागते: शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज कॅमेऱ्यासमोर अंगावर येतो.

फोनच येत नसेल तर

गाडी कुठे अडली आहे, ते आधी पाहावे. व्हिडिओ पाठवून एकदाही बोलावणे येत नसेल, तर दोष बहुधा फोटोंत, चित्रणात किंवा चुकीच्या वयोगटासाठी अर्ज करण्यात असतो. बावीस वर्षांच्या मुलाने पोलीस निरीक्षकाच्या भूमिकेसाठी व्हिडिओ पाठवत राहण्यात अर्थ नाही. बोलावणे येते पण शॉर्टलिस्ट होत नाही, तर अभिनयावर मेहनत हवी. शॉर्टलिस्ट होऊन लुक टेस्टनंतर गाडी थांबते, तर तो निर्णय पुष्कळदा वाहिनीच्या पसंतीवर आणि समोरच्या कलाकाराशी जोडी जमते की नाही यावर ठरतो, त्यात तुमचा दोष शोधू नये. दर दोन दिवसांनी 'सर, काही आहे का' असा संदेश पाठवण्यापेक्षा नवे काम केले की महिन्यातून एकदा कळवणे बरे. आणि या काळात नोकरी किंवा महाविद्यालय सोडू नये, कारण घरभाड्याची चिंता चेहऱ्यावर दिसते.

सही करण्यापूर्वी

मालिकांत मानधन ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणजे पहिले तीन महिने खिशातून काढावे लागतात, हे घरी आधीच सांगून ठेवावे. मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, वजा होतो, विवरणपत्र भरले नाही तर तो परत मागता येत नाही. जाहिरातीच्या करारात ती किती काळ, कोणत्या माध्यमात आणि कुठे दाखवली जाईल, आणि तेवढ्या काळात स्पर्धक वस्तूची जाहिरात करता येईल की नाही, हे वाचल्याशिवाय सही करू नये; एका साबणाच्या छोट्या कामापायी वर्षभर दुसऱ्या साबणाला नाही म्हणावे लागते.

बालकलाकारांच्या आईवडिलांनी कायद्यातल्या तरतुदी प्रॉडक्शनला विचारायला संकोचू नये. चौदा वर्षांखालील मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जातात. शाळेच्या परीक्षांचे वेळापत्रक करारासोबतच लेखी देऊन ठेवावे, कारण मालिका एकदा रोज प्रक्षेपित होऊ लागली आणि आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बेगमी संपली की मग सहामाहीच्या गणिताच्या पेपरसाठी सुट्टी मागणे फार अवघड जाते.