प्लॅनर लाकूड ओढत नसेल तर

फळी प्लॅनरमध्ये, म्हणजे लाकूड रंधणाऱ्या मशीनमध्ये, अर्ध्यावर अडली की बहुतेक जण पाना उचलून फळी ओढणाऱ्या रोलरच्या स्प्रिंगा आवळू लागतात, आणि हा सल्ला कोल्हापुरात इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याची चीड येते. आवळलेल्या स्प्रिंगेने मशीन चार दिवस चालते; मग फळीवर दातेरी रोलरचे वण उमटतात आणि मूळ दोष तसाच राहतो. दोष बहुधा टेबलात किंवा पात्यांत असतो.

टेबलाचे काम सोपे आहे. मशीनची विजेची वायर काढून, चिकटलेली राळ टर्पेंटाइनने पुसावी आणि मेण घासून सुक्या फडक्याने चोळावे. तेल मात्र लावू नये; ते लाकडात मुरते आणि पुढे त्या जागी पॉलिश धरत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर रात्रीतून गंज चढतो, म्हणून त्या दिवसांत मेण दर आठवड्याला लावावे.

पाते बोथट झाले की आवाज जड होतो, ढलप्यांऐवजी पूड पडते आणि गाठींभोवतीचे तंतू उपटले जातात. फळीभर एकच उंच रेघ धावत असेल तर पात्यांना खाच पडली आहे असे समजावे. अशा वेळी धार न लावता एक पाते 1–2 मिलिमीटर बाजूला सरकवले तरी तात्पुरते भागते. धार लावायची झाल्यास शिवाजी उद्यमनगरात सगळी पाती एकत्रच द्यावीत, कारण रुंदी असमान झाली की कटर ब्लॉकचा, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचा, तोल जातो.

खरी गोम पाती परत बसवण्यात आहे. मी पहिल्यांदा तीन ताजी पाती बसवली, तरी फळी अडखळत होती आणि पृष्ठभागावर लाटा उमटत होत्या. दोन दिवस मी रोलरलाच दोष देत राहिलो. अखेर पाती उतरवली, तेव्हा कटर ब्लॉकमधल्या पाते बसण्याच्या एका खाचेत नखाएवढी सागाची ढलपी दडपलेली सापडली. तिने ते पाते उचलले होते आणि सगळे कापण्याचे काम ते एकटेच करत होते. तेव्हापासून ती खाच आणि पाते दाबून धरणारी पट्टी पितळी ब्रशने घासल्याशिवाय मी पाते हातात घेत नाही.

दुसरा धोका बोल्टांचा आहे. एका टोकाचा बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पाते दुसऱ्या टोकाला वर येते. म्हणून सगळे बोल्ट आधी हलके टेकवावेत, मग मधल्यापासून टोकांकडे थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर पात्याची दोन्ही टोके व मध्य यांची उंची डायल गेजने, म्हणजे काट्याच्या सूक्ष्म मापकाने, मोजावी. पाती एकमेकांपेक्षा 0.05 मिलिमीटरहून अधिक वरखाली नसावीत. डोळ्यांनी किंवा लाकडाची पट्टी टेकवून हे जमते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मी तो ठेवला होता. शेवटी प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा आणि मशीन सुरू करताना फळीच्या रेषेत न थांबता बाजूला उभे राहावे.

पहिली फळी टाकाऊ घ्यावी आणि काप अर्ध्या मिलिमीटरचा ठेवावा. एवढ्यावरही लाकूड अडले, तरच स्प्रिंगेला हात लावावा, तोही दोन्ही बाजूंना सारखाच पाव फेरा.