इंजिन न उतरवता : जुन्या मोटारीच्या अडचणीच्या दुरुस्त्या

जुन्या मोटारीतला एखादा नट हाताला लागत नाही असे दिसले की इंजिन उतरवण्याचा विचार लगेच मनात येतो. परंतु इंजिन उतरवायचे म्हणजे रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, वायरी, पेट्रोलची नळी आणि सायलेन्सरचा पाइप हे सारे सोडवावे लागते, आणि पन्नास वर्षांचे कडक झालेले रबर व गंजलेले बोल्ट हलवले की मूळ दुरुस्तीत नसलेली चार कामे नव्याने उभी राहतात. बहुतेक वेळा अडचण असते ती केवळ तीन-चार सेंटिमीटर जागेची, आणि तेवढी जागा इंजिन आहे तिथेच थोडे उचलून मिळवता येते. याला अपवाद अर्थातच आहेत. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी जोडलेले असते आणि ते खालून सहज निघते, त्यामुळे त्या गाडीत आत हात कोंबून झटापट करण्यापेक्षा ते उतरवलेलेच बरे.

इंजिन उचलण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, गाडी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी आणि रेडिएटरची वरची नळी, अॅक्सिलरेटरची जोडणी, अर्थिंगची पट्टी व सायलेन्सरचा पुढचा पाइप मोकळा करावा. जॅक थेट ऑइल संपला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, लावू नये, कारण संपचा पत्रा दबला तर तो आतल्या तेलाच्या जाळीला टेकून तेल ओढण्याची वाट अडवू शकतो. मध्ये संपच्या रुंदीची जाड फळी घालावी. माउंटिंगचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांचे, नट काढल्यावर जॅक थोडा थोडा चढवावा आणि प्रत्येक वेळी दोन ठिकाणी नजर टाकावी : पुढे पंखा रेडिएटरला लागतो का, आणि मागे डिस्ट्रिब्यूटरचे (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या, पत्र्याला दाबले जाते का. हवी तेवढी उंची मिळाली की माउंटिंग आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवून भार त्यांच्यावर सोडावा. केवळ जॅकच्या भरवशावर इंजिनाखाली हात घालू नये.

एवढे झाले की अनेक गाड्यांमध्ये संप क्रॉस मेंबरवरून (इंजिनाखालच्या चौकटीच्या आडव्या पट्टीवरून) बाहेर सरकतो. तो आत अडकलाच तर क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) थोडा फिरवून त्याची वजने वर घ्यावीत. काही इंजिनांत तेलपंपाची जाळीही आतच सोडवून संपमध्ये पडू द्यावी लागते. खरा त्रास होतो तो बसवताना, कारण उताणे पडून संप वर सरकवत असताना गॅस्केट (सांध्यात बसणारी गळतीरोधक पट्टी) हमखास घसरते. त्यासाठी संपच्या काठाला गॅस्केट ठेवून सात-आठ छिद्रांतून साधा सुती दोरा ओवून ते बांधून घ्यावे, बाकीच्या छिद्रांत बोल्ट हाताने धरवावेत, आणि मगच दोरा कापून ओढून घेऊन राहिलेले बोल्ट लावावेत.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीचे, स्टड (डोके नसलेले, एका टोकाने इंजिनात रुतवलेले बोल्ट) हे या सगळ्यांतले सर्वांत चिवट प्रकरण आहे, आणि तिथे ताकदीपेक्षा सबुरीच उपयोगी पडते. गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडावे, आणि नट सोडताना आधी तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, म्हणजे गंजाची पकड मोडते. नंतर पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे अशा रीतीने तो काढावा. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागू लागला तर तिथेच थांबावे, कारण नट हलत नसून स्टड पिळला जात आहे याची ती खूण असते. स्टड मोडला आणि त्याचे टोक बाहेर असले, तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे. त्या उष्णतेनेच निम्मे काम होते. मात्र ज्योत किंवा वेल्डिंग जवळ आणण्यापूर्वी कार्ब्युरेटर व पेट्रोलची नळी काढून दूर ठेवावी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. टोक पृष्ठभागाशी सपाट मोडले असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून उलट्या दिशेच्या ड्रिलने भोक पाडावे. भोकात ठोकून फिरवण्याच्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा फारसा विश्वास नाही, कारण त्याचे पोलाद कठीण असते आणि तो आत मोडला की साधे ड्रिल त्यावर चालतच नाही. काही इंजिनांत हे स्टड थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून पाणी आधीच काढून टाकावे आणि नव्या स्टडला आट्यांवर सीलंट लावावे. वरचे नट पितळी घेतले तर पुढच्या वेळी ते सुटतात.

ब्लॉकच्या मागच्या बाजूचा कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीचे भोक बंद करणारी धातूची चकती) गळू लागला की फायरवॉलमुळे हातोडी फिरवायला जागा उरत नाही. जुना प्लग काढताना त्याच्या एका कडेवर पंच ठेवून टोला द्यावा, म्हणजे तो आडवा फिरतो आणि चिमट्याने ओढता येतो. मी एकदा मध्यावर जोरात टोला मारला आणि प्लग सरळ पाण्याच्या पोकळीत गेला. तो तारेच्या आकड्याने बाहेर काढण्यात अख्खी दुपार गेली. नंतर बैठक बारीक एमरीने स्वच्छ करून, आतला गाळही खरवडून काढावा. टोला मारणे शक्यच नसेल तिथे मधला नट आवळला की फुगून बसणारा प्लग वापरावा.

मूळ मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवे असल्यामुळे क्लचही जागेवरच बदलता येतो. त्यासाठी क्लचच्या बाजूचे माउंटिंग सोडवून ते टोक किंचित उचलावे लागते, आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकावरचे जड चाक) टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेले असल्याने पुलर (ओढून काढण्याचे अवजार) लागतोच. पुलर लावण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या टोकाची खाच आडवी येईल असे इंजिन फिरवून घ्यावे, अन्यथा प्रायमरी गिअर (क्लचकडून गिअरबॉक्सला जोर देणारे दातेरी चाक) धरून ठेवणारा 'सी' आकाराचा वॉशर निसटून फ्लायव्हीलच्या मागे अडकतो.

संप उतरलेलाच असेल तर बेअरिंगचे शेलही (क्रँकशाफ्टभोवतीची अर्धगोल धातूची अस्तरे) खालून पाहता येतात. मात्र क्रँकशाफ्टवर नखाला लागतील असे ओरखडे आढळले, तर नवे शेल घालून काही साधत नाही. तिथे इंजिन उतरवणेच योग्य.

काम संपल्यावर कॉइलची वायर काढून स्टार्टर थोड्या थोड्या वेळाने फिरवावा आणि तेलाचा दाब दिसू लागल्यावरच इंजिन सुरू करावे. ते एकदा पुरते तापून थंड झाले की मॅनिफोल्डच्या प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावून पाहावा. त्यांतला एखादा तरी पाव फेरा घेतोच.