म्युनिकमध्ये एकट्याने राहायला किती पगार हवा

ऑफर लेटर हातात पडलं की पहिला प्रश्न हाच: "इतके हजार युरो पुरतील का?" दरवर्षी चार-पाच जण तरी मला हे विचारतात, आणि बहुतेकांनी तो आकडा मनातल्या मनात रुपयांनी गुणलेला असतो. तो गुणाकार आधी सोडा. पगार युरोत येणार, तसं भाडंही युरोतच जाणार.

इथे पगार सांगतात तो ब्रुटो, हातात येतो तो नेटो. एकट्या माणसाचा कर पहिल्या करवर्गाच्या दराने कापतात. आरोग्य, पेन्शन, बेकारी आणि शुश्रूषा विम्याचे हप्ते त्याशिवाय. वर्षाला ६०,००० ब्रुटो असेल तर महिन्याला साधारण ३,१०० ते ३,२०० खात्यात पडतात. ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्याची, किमान वार्षिक पगाराची अट पार झाली म्हणजे पगार भरपूर, असं समजून कितीतरी मुलं येतात. २०२५ मध्ये ती सर्वसाधारण अट ४८,३०० होती, लाइपझिगला तीच आणि म्युनिकलाही तीच. भाड्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

जाहिरातीत ठळक दिसतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून होतं ते वार्ममीटे. हिशोब त्यावरच करा. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. म्युनिकमध्ये एका खोलीच्या स्वतंत्र घराचं वार्ममीटे १,००० ते १,३०० सहज होतं. ते नेटोच्या तिसऱ्या हिश्श्याच्या फार वर गेलं की महिनाअखेर जड जाते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्वतंत्र घरात निवांत राहायचं तर वर्षाला ६०,००० ब्रुटो हवेत. ५५,००० मध्ये भागतं. ५०,००० च्या खाली असाल तर वे-गे, म्हणजे वाटून घेतलेल्या घरातली खोली बघा. त्यात कमीपणा काही नाही, इथली नोकरी करणारी माणसंही तशी राहतात.

आता जे मी प्रत्येकाला दोन-दोनदा सांगते ते. मी घर बघायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात ओटा, कपाटं, शेगडी सगळं होतं. किल्ली मिळाल्यावर दार उघडलं तर भिंतीतून आलेले दोन पाइप, त्यांवर प्लास्टिकची टोपणं, आणि छतातून लोंबणाऱ्या तारा. सिंकसुद्धा नाही. ते सामान आधीच्या भाडेकरूचं होतं, तो घेऊन गेला होता. करारात 'आइनबाउक्युखं', म्हणजे घरासोबत मिळणारं बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द नसेल तर स्वयंपाकघर तुमचं नाही. त्याच आठवड्यात मी डिपॉझिट एकरकमी भरलं होतं, ९५० चे तिप्पट, २,८५०. पहिला पगार महिन्याच्या शेवटी. सहकाऱ्याकडून उसने घेतले आणि तीन आठवडे विजेच्या किटलीवर काढले.

नंतर कळलं की कायद्याने डिपॉझिट तीन काल्टमीटेंपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. मला कोणीच सांगितलं नव्हतं. जर्मन माणूस आपणहून सांगत नाही, पण नेमकं विचारलंत तर कायद्याचं कलम काढून दाखवतो. आपली मंडळी उलट: न विचारता सल्ला देतात, पण स्वतः कंपनीच्या घरात उतरलेले असतात, त्यामुळे डिपॉझिटचं त्यांना ठाऊकच नसतं. तेव्हा हप्ते मागा. लेखी मागा. आणि येताना सहा-सात हजार युरो हाताशी ठेवा. वार्षिक पगार कितीही मोठा असो, पहिले तीन महिने याच पैशांवर निघतात.

घर न बघता कोणी पैसे मागितले, "मी परदेशात आहे, किल्ली पोस्टाने पाठवतो" म्हणाला, तर तिथेच थांबा.

बाकी किरकोळ. रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला १८.३६ युरो, प्रत्येक घराला लागतं, टीव्ही नसला तरी. त्याचं पत्र फेकू नका. डॉइचलांड-टिकट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. हाफ्टफ्लिष्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, महिन्याला थोडक्या युरोंत मिळतो, घ्याच. वर्षाच्या मध्यात आला असाल तर कर विवरणपत्र भरा. ते भरणं तुम्हाला बंधनकारक नसेल तरी चार वर्षांपर्यंत भरता येतं, आणि बरेचदा चांगली रक्कम परत मिळते.